तक्त्यातली काकू

४ मे

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

उन्हाळी वर्ग छान चाललाय. आम्ही सगळे दहावी-अकरावीचे, पण सर आम्हाला उद्याचे उद्योजक म्हणतात. काल डबा विसरलेला एक उद्योजक चक्क रडला. कोणी काय करायचं ते आधी ठरवणं म्हणजे व्यवस्थापन, असं शिकलो. मग प्रत्येकाने ओळखीच्या एका धंद्याचा तक्ता काढायचा होता. मी आपलं फोटोफ्रेमचं दुकान घेतलं. वरच्या चौकोनात एकच माणूस बसतो, म्हणून तिथे तुम्ही, संचालक. खाली रेघ ओढून काकू, मदतनीस. सरांनी शाबासकी दिली! तक्ता सोबत पाठवतेय. शेवटच्या शनिवारी त्या त्या धंद्याच्या मालकांसमोर तक्त्याची मांडणी आहे, दोघंही नक्की या.

काकूला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची भिंगरी

११ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझा तक्ता बघून ऊर भरून आला. लगेच रुंद पट्टी लावून, काच घालून गल्ल्यामागे टांगला. तिथंच घात झाला.

तुझी काकू त्या दिवसापासून खरोखरच मदतनीस झाली आहे. कोणत्या चित्राला कोणती पट्टी, हे आजवर ती गिऱ्हाइकालाही विचारत नसे. आता हात बांधून मला विचारते, साहेबांचा काय हुकूम म्हणून. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दाताच्या डॉक्टरांच्या पदवीला मी सोनेरी वेलबुट्टीची पट्टी लावली. ते म्हणाले, पेशंट आरसा समजून भांग पाडतात. काल घरी चहा मागितला, तर तो कोणत्या चौकोनात येतो असं विचारलं. शनिवारी संचालकांनी जावं, मदतनीस दुकान सांभाळेल म्हणते. तिच्याशिवाय मी काही यायचा नाही. काहीतरी कर बाई.

लोभ आहेच, पण या आठवड्यात तो जरा कामाला लाव.

तुझा हैराण काका

१५ मे

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

चुकलं गं माझं. दुकान तुझ्या जिवावर चालतं हे मला माहीत नाही का? पण चौकोन एकच होता आणि मला शाबासकी हवी होती. तक्ता फाडून टाक. मालक आले नाहीत तर माझी मांडणी रद्द होईल, पण त्याहून तू माझ्यावर रागावलीस हे मला सहन होत नाही.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.

तुझी भिंगरी

१९ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

रडून रडून शाई पसरवलीस, म्हणजे उद्योजक झालीस म्हणायची. मला मदतनीस या शब्दाचं काही नाही गं. पण यांनी तो चौकटीत बसवला, खिळे ठोकले आणि हात एकदाही थांबला नाही, त्याचं वाईट वाटलं. काल ते यांना सांगून टाकलं.

आज सकाळी बघते तर तक्ता उलटा टांगलेला. मी वर, हे खाली, अक्षरं शीर्षासनात. शेजारी हे कान धरून उभे. मला हसू आवरेना. पण वर एकटीने बसून मी तरी काय करू? तक्ता उतरवला, कडी काढून बाजूच्या पट्टीला ठोकली आणि आडवा टांगला. आता दोघं एका ओळीत आलो. गिऱ्हाइकांना मान वाकडी करून वाचावं लागतं, तेवढं चालायचंच.

डॉक्टरांची पट्टी बदलून दिली. शनिवारी दुकान बंद ठेवून दोघंही येतोय. तक्ता बरोबर आणते, पण तो आडवाच धरायचा, सर काहीही म्हणोत.

लोभ कधी सुटला होता का वेडे?

तुझी काकू