हातांचा रविवार

बाबा, आज सकाळपासून मी तुमच्यावर चिडून बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयानं मीच तुमच्याहून मोठी आहे, तेव्हा भीडभाड न ठेवता बोलते. तुम्ही होता तेव्हा बोलायला गेलं की तुम्ही चष्मा काढून पुसायला घ्यायचे आणि माझं बोलणं तिथंच अडकायचं. आता पुसा किती पुसायचा तो.

चर्चमधून आले, चहा ठेवला, हे लिहायला कागद घेऊन बसले, तोवर तो निवून गेला. आज हातांचा रविवार होता. तुम्हीच सुरू केलेली रीत. दिग्रसच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, दिवसभर कापूस तोलून तुम्ही घरी यायचे, भुवयांवर रुई चिकटलेली असायची, आणि रविवारी तेच तुम्ही मंडळीचे पंच. पाळकसाहेब यवतमाळहून महिन्यातून एकदा येणार, बाकी सगळा गाडा तुमच्या खांद्यावर. नाताळ जवळ आला की कापसाची वेचणी भरात असते, घरोघरच्या बाया पहाटे शेतात गेलेल्या, कोणाजवळ दानपेटीत टाकायला काही नाही. म्हणून तुम्ही म्हणाले, पैसे नको, हात द्या. उपासना झाली की तुम्ही दारापाशी उभे राहायचे आणि एकेका घराला काम सांगायचे. भिंतींना चुना यांचा, पताका त्यांच्या, पाणी अमक्या घरचं, प्रीतिभोजनाची कणीक तमक्या घरची. ज्याचं काम पुकारलं तो उठून दोन्ही हात वर करायचा. बोंडांनी ओरबाडलेली बोटं, भेगा पडलेले तळवे, आणि सगळं चर्च हसतं आहे. मला फार आवडायचं ते. अजून आवडतं, हीच तर पंचाईत आहे.

कोणाला काय मिळणार हे मात्र पुकारण्याआधीच ठरलेलं असायचं. मावशीच्या घराला डफडं आणि अंगण. दरसाल. ती आपली सख्खी मावशी नव्हे, पण मी तिच्या ओसरीवरच वाढले. तिचा नवरा डफडं असं वाजवायचा की नाताळच्या सकाळी बाजारातले लोकही येऊन उभे राहत. आपण सगळेच वेशीबाहेरून आलेले, पाणी घेऊन बाप्तिस्मा झालेले, एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारे. पण वेशीबाहेरही वर-खाली होतंच ना, बाबा. आपला वाडा वेगळा, त्यांचा वेगळा, आणि त्यांचा आपल्याहून एक पायरी खाली. येशूनं आपल्याला धुऊन काढलं म्हणून आपण भजनं गायचो, पण ती पायरी काही कोणी धुतली नाही. दुपारी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले जायचे, वांग्याच्या भाजीचा वास सुटायचा, आणि मावशी अंगणात झाडू घेऊन उभी.

तिचं मागणं केवढं होतं? आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या साली, छप्पनला, ती आपल्या दारात आली. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते. पदर सावरत म्हणाली, "भाऊ, औंदा मले कणकेत हात घालू द्या. माह्या हातचे रोडगे खाऊन कोणी बोटं नाही चाटले तं सांगजा, मंग." तुम्ही किती गोड हसले! "बाई, तुमच्या घरचं डफडं वाजलं नाही तं नाताळ झाल्यासारखा वाटतच नाही. देवानं ज्याले जे देल्लं, ते त्यानं देवाले द्यावं." तोंडात साखर. ती बिचारी मान हलवून गेली. आई चुलीपासून ओरडली, "काहून हो, एक दिस मळली तिनं कणीक तं काय आभाय पडते?" तुम्ही आईकडेही हसूनच पाहिलं. आणि पुढच्या रविवारी मोठ्या जेवणावळीच्या दृष्टांतावर बोलले. रस्त्यावरचे, कुंपणाकडचे, सगळ्यांना बोलवा म्हणून. तुमचा आवाज काय लागला होता त्या दिवशी! बाया डोळे पुसत होत्या.

मग दोन-तीन वर्षांनी मुदतीचा ताप आला. आधी आई पडली, मग तुम्ही. मला शाळेतून रजा घेऊन घरी बसावं लागलं. मंडळीतल्या बाया फाटकापर्यंत यायच्या, तिथूनच प्रार्थना करून जायच्या. कोणाला दोष देत नाही, त्यांच्याही घरी लेकरं होती. आत आली ती एकटी मावशी. आली ती सरळ चुलीपाशी बसली आणि मला म्हणाली, "तू निज घटकाभर, तोंड पाह्य कसं झालं तुह्यं." ती ज्वारीच्या कण्या शिजवते आहे, ताक घालून पातळ करते आहे, मी वाटी तुमच्या तोंडाशी धरते आहे. मला वाटलं, तुम्ही विचाराल कोणी केलं. तुम्ही विचारलं नाही, कारण ती स्वयंपाकघरातून मोठ्यानं आईशी बोलत होती, सगळं ऐकू येत होतं. तुम्ही वाटी संपवली. बोट फिरवून पुसून खाल्ली. "अजून आहे का व?" म्हणून विचारलं. आणि मी वाटी घेऊन उठले तर हळूच म्हणाले, "पोरी, दार लोटून घेत जा. रस्त्यावरून दिसते."

बाबा, तेव्हा मला कळलं. तुम्हाला विटाळ वाटतच नव्हता. कणभर नाही. वाटत असता तर मी तुम्हाला माफ केलं असतं, म्हटलं असतं, जुनं माणूस, जे शिकवलं ते शिकला. जिनात तुम्ही काट्याला कधी बोट लावलं नाही, शेटजीच्या तोंडावर सांगितलं की माप जे आहे ते आहे. शेतकरी तुमच्या नावावर गाडी सोडून चहाला जायचे. एवढी ताठ मान तुमची, आणि चर्चच्या दारात आली की लवायची.

त्या साली आपण सगळे वाचलो. मावशीला वाटलं, आता भाऊ कणीक देतील. तिनं पुन्हा मागितलं नाही, तिला मागायची गरजच वाटली नाही. हातांच्या रविवारी नवं लुगडं नेसून आली, पुढच्या ओळीत बसली. मी तिच्याकडे पाहून हसले, ती माझ्याकडे पाहून हसली. तुम्ही उभे राहिले. चुना, पताका, पाणी, कणीक. कणीक गेली तुमच्या चुलतभावाच्या घरी. मग तुम्ही म्हणाले, डफडं आणि अंगण, आणि तिच्याकडे न पाहता भिंतीकडे पाहिलं. तिचे हात वर गेले नाहीत. सगळे माना वळवून बघू लागले. ती उठली, हात पदराखाली धरून म्हणाली, "औंदा आमचे हात रिकामे नाहीत, भाऊ." आणि नवऱ्याला घेऊन निघून गेली. एक शब्द तिनं कण्यांचा काढला नाही. काढला असता तर तुमची काय शोभा झाली असती! पण ती तुमच्याहून खानदानी निघाली.

घरी येऊन मी विचारलं, "बाबा, काहून केलं असं?" तुम्ही चष्मा काढला. "मंडळी फुटली असती, बाई. चार घरं उठून गेली असती. जेवलंच नसतं कोणी."

"अन् हे एक घर गेलं ते?"

"तुले नाही समजत. न्यायाची घाई करून चालत नाही, लोकाइले घेऊन चालावं लागते." मी तरीही हटले नाही तेव्हा तुम्ही ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. "शाळेत शिकवतं म्हणून बापाले शिकवशीन काय?" त्या नाताळला तुम्ही मला हिरव्या काठाचं पातळ आणलं. मी ते नेसले नाही, आणि तुम्ही कधी विचारलं नाही.

मावशी पुन्हा चर्चमध्ये आली नाही. तिचा नवरा लग्नांत वाजवायचा, नाताळला घरात बसायचा. पुढं साठाच्या दशकातच तुम्ही गेले, जिनातून येताना छातीत कळ आली आणि संपलं. मातीला ती आली होती. मुठीनं माती टाकली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि परत गेली.

त्या साली हातांच्या रविवारी काम सांगायला कोणी पुढं होईना, म्हणून मी उभी राहिले. चुना सांगितला, पताका सांगितल्या, आणि डोळे मिटून म्हणाले, "कणीक, मावशीच्या घरची." आता उठतील, आता चालू पडतील. डोळे उघडले तर सगळे तिथंच. तुम्ही ज्यांना सगळ्यात जास्त वचकून होता ती म्हातारी काकू, तिनं फक्त एवढं म्हटलं, "परात घेऊन ये म्हणा तिले, आपल्या चर्चची चिरली." बस. कोणी हूं की चूं केलं नाही. तुम्ही साप साप म्हणून आयुष्यभर भुई धोपटत बसले, बाबा, आणि साप नव्हताच तिथं! का तोवर लोक बदलले होते? असंही असेल. पण तुम्ही एकदाही विचारून पाहिलं नाही. आणि समजा गेली असती चार घरं उठून, तरी काय? जाऊ द्यायची होती.

मी तशीच धावत मावशीकडे गेले. ती अंगणात तुरी पाखडत होती. सांगितलं तर सूप काही थांबलं नाही.

"आता कायले व माय?"

"मावशी, सगळे हो म्हणाले. कोणी नाही अडवलं."

"सगळ्याइचं कोणं इचारलं होतं?" ती म्हणाली. "मले लोकाइचं नव्हतं पाह्यजे. तुह्या बापानं एक डाव म्हटलं असतं तं मी परात घेऊन धावत आली असती. लोकं नसते जेवले तं तो अन् मी बसलो असतो जेवत." मग तिनं सुपातल्या तुरी डब्यात ओतल्या आणि मला म्हणाली, बस, चहा ठेवते.

ती आली नाही. शेवटपर्यंत नाही.

आज नवे पाळक आहेत, तरुण आहेत, त्यांना काय ठाऊक. त्यांनी तुमची आठवण काढली. ही सुंदर रीत सुरू करणारा, सगळ्यांना एकत्र बांधून ठेवणारा, न्यायी माणूस म्हणाले तुम्हाला. देवाचे आभार मानले तुमच्याबद्दल. पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली, कौतुकानं, की ह्यांचे वडील बरं का. मला उठून सांगायचं होतं. कण्यांची वाटी, लोटलेलं दार, सगळं. मावशी गेली, आई गेली, आता ते ठाऊक असलेली मी एकटीच उरले. हे कागद तरी कोणाला देऊ, तुमचा पत्ता मातीत आणि तिचाही.

उठले नाही मी. आमेन म्हटलं, बाबा. सगळ्यांबरोबर, स्पष्ट आवाजात.