बॅनरवरचे चौदा चेहरे

नेरळ, गुरुवार संध्याकाळ

आमच्या छोट्या वाद्यवृंदाच्या नव्या हंगामाचा बॅनर आज छापून आला. वर्षभर झटून पाच कार्यक्रम बसवले, पहिला कळंबला. आणि बॅनरवर काय, तर चौदा शुभेच्छुकांचे फोटो. एकाने तर गॉगल लावलाय. आम्ही आठ वाजवणारे? नावं तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. व्हायोलिनऐवजी चित्र सतारीचं. आमच्यात सतार वाजवतं कोण?

बॅनर करून आणला सुदामने, आमच्यात चेलो, म्हणजे ते मोठं व्हायोलिन, वाजवणाऱ्या पोशीरच्या गड्याने. फोनवर त्याला चांगलंच झापलं. तो शांतपणे म्हणाला, "ताई, ज्याचा फोटो हाय तो येनारच. घरच्यांना घेऊन येनार. गेल्या टायमाला समोर किती होते, आठवतंय नं?"

आठवतंय. स्टेजवर आठ, समोर सहा. त्यातला एक माइकवाला.

फोन ठेवून त्या गॉगलवाल्याकडे बघत बसले. याच्या घरी किती माणसं असतील? एकत्र कुटुंब असेल का?

चीड अजून गेलेली नाही. पण मघाशी मीच सुदामला परत फोन लावला आणि विचारलं, ती सतार काढून टाकली तर तिथे अजून किती फोटो बसतील?