भोपळ्याला सुरी कुणी लावायची?

प्रिय आत्याबाई,

आज भोपळा कापला. मी कापला! बसला असाल तर बसूनच राहा, ओरडायला उठू नका.

आपल्या सास्तूर गावातली बातमी वरपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? म्हणून म्हटलं, सुनेनंच कळवलेलं बरं. तुम्ही बियांसाठी राखलेला, देठाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेला, तोच भोपळा. तुम्ही गेलात, शेडच्या पत्र्यावरचा वेल वाळला, हा मात्र माळ्यावर ठाण मांडून बसला होता.

नियम तुमचा. अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, घरच्या लेकाच्या जिवाला धोका! पुरुषानं एक चीर पाडायची, मग पुढं आपण. तुमचे चिरंजीव सुरी अशी धरायचे, जणू पुलाचं उद्घाटन आहे. चीर पाडली की हात धुऊन पेपर वाचायला मोकळे. सोलणं, किसणं, तळणं, भांडी घासणं यानं कुठल्याच लेकाला धोका नव्हता, म्हणून ते आपल्याकडं.

आणि ते घरी नसले की? रस्त्यानं जाईल तो पुरुष! विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या हातात सुरी दिलीत, आठवतं? बिचारा दोन पावलं मागं सरला. "मावशी, म्या फकस्त रीडिंग घ्यायला आलोय." "घे की रीडिंग, आधी ह्याला चीर पाड!" त्यानं डोळे मिटून चीर पाडली आणि चहा न घेता गेला.

खड्डा तुम्ही खणायच्या. शेणखत तुम्ही घालायच्या. भल्या सकाळी नर फूल तोडून मादी फुलात फिरवायच्या, फळ धरावं म्हणून. उरलेल्या नर फुलांची भजी करायच्या! नरांची भजी चालत होती, आत्याबाई, मग सुरीलाच काय झालं होतं?

हसण्यावारी नेलं असतं मी सगळं. पण ती दुपार नेता येत नाही.

शेवटच्या आजारपणात तुमचं अन्नावरचं मन उडालं होतं. पेज दिली तरी तोंड फिरवायच्या. आणि त्या दुपारी आपणहून म्हणालात, "शोभे, भोपळ्याचं घारगं खावं वाटायलंय गं." मी उडी मारूनच उठले. भोपळा काढला, सुरी घेतली, तर अंथरुणातून तुमचा आवाज, "आगं थांब! त्यो येऊ दे संध्याकाळी."

"गुपचूप कापते की. कुणाला कळतंय?"

"भोपळ्याला कळतंय!"

मी सुरी खाली ठेवली. हे लोहाऱ्याहून आले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. चीर पडली, गूळ विरघळला, घारगे तळले, ताट तुमच्यापुढं आणलं. तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "आता नगं." परत कधी मागितले नाहीत.

काय मिळवलंत हो? जिभेला एवढ्या दिवसांनी चव आठवली होती, तिलाही नियमापुढं रांगेत उभं केलंत!

आज सकाळी बघते तर हा भोपळा एका अंगानं मऊ पडलेला, मुंग्यांची ये-जा सुरू. पेरणीचे दिवस तोंडावर, बी गेलं तर तुमचा वाण गेला. ह्यांना फोन केला. म्हणतात, "थांब, संध्याकाळी येतो."

तेच शब्द! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की फोन ठेवला आणि सुरीच उचलली.

आत काय निघालं सांगू? अर्ध्या बियांना आतच मोड आलेले. पुरुषाची वाट बघून त्याही कंटाळल्या असतील. उरलेल्या धुतल्या, तुम्ही घोळायच्या तशाच राखेत घोळून सुपात वाळत घातल्या. मऊ भाग गुरांना टाकला, चांगल्याचे घारगे केले.

संध्याकाळी हे आले. ताटात बघून विचारलं, "सुरी कुणी लावली?"

"ज्याला घाई होती त्यानं."

भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं बघितलं. मग म्हणाले, "अजून दोन वाढ." तुमचा लेक धडधाकट आहे, आत्याबाई. पोट तेवढं जरा जड झालंय.

चिंधी धुऊन ठेवली आहे. बी तुमच्याच खड्ड्यात लावीन, वेल त्याच पत्र्यावर चढवीन, बियांचा भोपळा राखून त्याला हीच चिंधी बांधीन. तेवढे नियम तुमचे. पण पहिला भोपळा उतरला की सुरी मी लावणार, आणि पहिला घारगा तुमच्या फोटोपुढं दुपारीच ठेवणार, गरम असताना. संध्याकाळची वाट बघायची नाही. तुम्हीही नाही.

तुमचं यापुढं न ऐकणारी आणि जिचं तुम्ही कधीच ऐकलं नाहीत ती,
तुमची सून
शोभा