बिर्बा खोटी निघाली त्याची हकिकत

कास्तेलफोस्को,
ऑक्टोबर सरत आला, धुकं भरपूर

प्रिय एलिजिओदादास,

तुझ्या दोन्ही पायांना (सुजलेल्याला जरा जपून) तुझ्या मावसबहिणीचा, देल्फिनाचा, वाकून नमस्कार. वाकून हे आपलं लिहायचं म्हणून, खरंच वाकले तर मला सरळ करायला शेजाऱ्यांना बोलवावं लागेल. तुझ्या पायाची सूज उतरली का? वहिनींचा खोकला काय म्हणतो? मी पाठवलेला अंजिराचा मुरंबा तोरीनोला पोचला का, आणि पोचला असेल तर वहिनींनी त्याबद्दल चकार शब्द का काढला नाही, हेही सवडीने कळव. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, पण दादा, क्षेम नाही. मला असा धक्का बसलाय की आमचे सेकोंदो गेले तेव्हाही बसला नव्हता. ते जाणार हे डॉक्टरांनी निदान आधी सांगितलं होतं. या कुत्रीबद्दल मला कुणी काही म्हणजे काही सांगितलं नाही.

तू शिकायला म्हणून शहरात गेलास तो तिथलाच झालास, आणि पहिलं पत्र मी घाईत अर्धवटच लिहिलं होतं, त्यामुळे थोडं मुळापासून सांगते. वसंतात आमची म्हातारी कुत्री दियाना गेली. ट्रफल शोधणाऱ्या बाईकडे कुत्री नाही म्हणजे ती बाई नुसती चिखलात फिरणारी बाई. (तुम्ही ट्रफल, म्हणजे ती सोन्याच्या भावाची अळंबी, हॉटेलात खाता, चिमूटभर किसलेली. ते जमिनीखाली वीतभर खोल असतं आणि माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही, हे तुम्हाला कशाला आठवेल.) माझा हिवाळा त्याच्यावर निघतो. लाकूडफाटा, औषधं, गळकं छप्पर, सगळं त्या एका झाडाखालून येतं. ते झाड सेकोंदोंनी मला शेवटच्या दिवशी सांगितलं, आणि तेही पाद्रीबुवांना खोलीबाहेर काढून. पाद्रीबुवांना राग आला, पण पाद्रीबुवांकडेही दोन कुत्रे आहेत, तेव्हा सेकोंदोंचं काही चुकलं नाही. झाड कुठलं ते मी तुलाही सांगणार नाही. राग मानू नकोस, मी माझ्या लेकीलाही सांगितलेलं नाही. माझी अजून मरायची तयारी नाही एवढाच त्याचा अर्थ.

तर कुत्री हवी होती, आणि ओढ्यापलीकडच्या मोंतेरुस्कोच्या फियोरेन्झोकडे पिल्लं झाली होती. त्याची रेजिना तुला माहीत नसेल. जत्रेत दोनदा पहिली आलेली, लागोत्तो जातीची, मेंढीसारख्या कुरळ्या केसांची, बुटकी, आणि नाक असं की तिच्यासमोर खिशातलं पाकीटसुद्धा झाकून ठेवावं. फियोरेन्झोने मला तिची पोर दाखवली. शुद्ध लागोत्तो, म्हणाला. आईच्या मागे रानात फिरून आलेली, अर्धी शिकलेली, म्हणाला. आईची शपथ घेतली (त्याची आई जिवंत आहे आणि त्याच्याशी बोलत नाही, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं). वर कागदावरही लिहून दिलं. मी पैसे मोजले, पिल्लू शालीखाली घेतलं, नाव ठेवलं बिर्बा, आणि घरी आले. तेव्हा ती गोळ्यासारखी होती. सगळीच पिल्लं गोळ्यासारखी असतात, हे त्या जातीचं नव्हे तर देवाचं कसब आहे.

मग ती वाढायला लागली. आधी पाय वाढले, आणि बाकीचं अंग मागून येईल म्हणून आम्ही वाट पाहत बसलो. केस सरळ झाले. एक कान उभा राहिला आणि दुसरा आडवा, जसं काही एका कानाने माझं ऐकायचं आणि दुसऱ्याने नाही असं तिचं ठरलेलं. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली तर त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, देल्फिनाबाई, आई रेजिना असेलही, पण बाप कोण ते त्या रेजिनालाच विचारावं लागेल. मी तिथेच खुर्चीत बसले. डॉक्टरांनी पाणी दिलं आणि त्याचे पैसे लावले नाहीत, यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळख. गावाला तर आयतंच कोलीत मिळालं. पोस्टमन विचारतो, काकू, शिंगरू कधीपासून पाळलंत? भाजीवाली म्हणते, हिच्यावर खोगीर घाला म्हणजे रानात चालत जायला नको.

पण रूपाचं मी सोसलं असतं, दादा. सेकोंदोंचंही सोसलंच की. खरी गोम नाकात होती. सीझन उघडला तशी मी तिला आमच्या झाडाकडे घेऊन गेले. सरळ नाही गेले, आधी दफनभूमीकडे, तिथे सेकोंदोंना फुलं वाहिली, मग चेस्टनटची टोपली घेऊन उलट्या दिशेने, मग ओढ्यातून, म्हणजे मागावर कुणी असेल तर त्याचे बूट तरी भिजावेत. पोचलो. पट्टा सोडला. बिर्बाने झाडाला एक चक्कर मारली, माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला आणि आडवी झाली. झोपली, दादा. ज्या झाडाखाली दियाना वेड्यासारखी उकरायची तिथे ही घोरत होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. आणि परत येताना रोज पट्टा ताणून मोंतेरुस्कोच्या बाजूला ओढायची. मी म्हटलं, घ्या, कामाच्या नावाने शून्य आणि वर माहेरची ओढ. फियोरेन्झोकडे गेले तर दारातूनच म्हणाला की नाकात खोट नाही, खोट मालकिणीत असेल.

तेव्हा तुला पहिलं पत्र लिहिलं. तू आजारपणातही लगेच उत्तर दिलंस, कायद्याने कोणकोणते मार्ग आहेत ते सविस्तर कळवलंस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत, पण दादा, तुमचा कायदा एकदा कुत्रीसमोर वाचून दाखवायला हवा. पहिला मार्ग म्हणे, विक्रेत्याने माल दुरुस्त करून द्यावा. आता हिचा बाप कसा दुरुस्त करायचा? दुसरा, माल बदलून द्यावा. बदलून काय देईल, तिचा भाऊ? तो तर हिच्याहून उंच आहे, मी पाहून आले. तिसरा, दोष तसाच ठेवून किंमत कमी करून घ्यावी. हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि देवाची क्षमा मागितली. दोष ठेवून घ्यायला मी काय वेडी आहे? चौथा मार्ग मला शहाणा वाटला. व्यवहार रद्द, कुत्री परत, पैसे परत. तो मी धरला, आणि दोष कळल्यापासून आठ दिवसांत तक्रार करायची असं तू खाली रेघ मारून लिहिलं होतंस म्हणून धावतपळत केलीही.

सुनावणीला सगळं गाव आलं. दोन्ही गावं आली. बाहेर इतके कुत्रे बांधले होते की शिपायाला वाटलं प्रदर्शन आहे. जज्जबाई दक्षिणेकडच्या, समुद्राकाठच्या, स्वभावाने भल्या, पण ट्रफल म्हणजे काय ते त्यांना बहुधा बशीतूनच ठाऊक. जातीचा मुद्दा त्यांनी बिर्बाकडे एकदा पाहूनच बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, जात खोटी हे दिसतंच आहे, पण कुत्री घेतली ती कामासाठी, तेव्हा खरा प्रश्न नाकाचा आहे. मग पुस्तक उघडून त्यांनी वाचलं, की जनावराच्या विक्रीत वेगळा कायदा नसेल तर स्थानिक रिवाज काय आहे तो पाहावा. आणि चष्म्यावरून आम्हा सगळ्यांकडे पाहत विचारलं, तर मग इथला रिवाज काय आहे? दादा, अख्ख्या कोर्टात एक माणूस बोलला नाही. कारण इथला रिवाजच तो आहे. कुणी काही सांगायचं नाही.

फियोरेन्झो उठला. सूट घातला होता मेल्याने, लग्नातला. म्हणाला, कुत्री उत्तम आहे, बाईंची जागाच रिकामी असेल. जिथे ट्रफल नक्की आहे अशा जागी नेऊन पाहा. जज्जबाईंचा चेहरा उजळला. म्हणाल्या, "मग सोपं आहे. देल्फिनाबाई, ज्या जागी ट्रफल हमखास मिळतं ती जागा तुम्ही येत्या गुरुवारी आम्हाला दाखवा. आम्ही सगळे येऊ."

आम्ही सगळे. मागच्या बाकांवर लोक टोप्या सावरून बसले. बुटांच्या नाड्या बांधायला लागले, दादा, अजून सहा दिवस असताना. मी म्हटलं, बाईसाहेब, निदान तज्ज्ञ म्हणून एकालाच पाठवा. तर तज्ज्ञ व्हायला अकरा हात वर झाले, त्यात एक पाद्रीबुवांचा. फियोरेन्झो माझ्याकडे पाहून हसला. तेव्हा मला कळलं की त्याला कुत्री आणि पैसे दोन्हीशी काही देणंघेणं नाही. त्याला सेकोंदोंचं झाड हवंय. आम्हाला आयुष्यभर जे नवऱ्याच्या मरणाशिवाय कळलं नाही ते त्याला कोर्टाच्या हुकमाने कळणार.

आता तूच सांग, मी काय करू? जागा दाखवली तर खटला जिंकेन आणि झाड घालवेन. नाही दाखवली तर पैसे बुडाले, कुत्री गळ्यात, आणि गावभर हसं. मी तर रडलेही (एकटीच, चुलीपाशी, बिर्बाने येऊन माझ्या पायावर ते भलंमोठं डोकं ठेवलं, पण त्याने दोष कमी होत नाही). तू गुरुवारी यावंस. वकिली सोडली असलीस तरी ती तुझी जाड चामड्याची बॅग घेऊन यावंस आणि जज्जबाईंपुढे असं काही लॅटिनमध्ये बोलावंस की त्यांनी तो हुकूम मागे घ्यावा. पायाला त्रास होईल हे मला समजतं. उशी घेऊन ये. वहिनींना काळजी घ्यायला सांग. मोठ्यांना नमस्कार सांगायचा तर आता मोठे आपणच उरलोत, तेव्हा तो आपल्यातच ठेवू.

तुझी, झोप उडालेली,
देल्फिना

ता. क. — पत्र टपालात टाकायचं राहिलं होतं ते बरं झालं. काल दुपारी बिर्बाने पट्टा तोडला आणि ओढ्यापलीकडे सुसाट गेली. मी मागे, काठी टेकत, तिच्या सगळ्या नकली घराण्याचा उद्धार करत. मला वाटलं फियोरेन्झोच्या दारात जाऊन बसेल आणि पुन्हा माझी शोभा होईल. पण ती त्याच्या घरावरून तशीच पुढे गेली, एका जागी थांबली (जागा तुला सांगणार नाही), आणि उकरायला लागली. असं उकरलं दादा, की मातीने माझा चष्मा भरला. खाली माझ्या मुठीएवढं ट्रफल होतं. त्याच्या शेजारी दुसरं. दोन्ही मी खिशात कोंबली, खड्डे बुजवायचेही राहिले. एकूण त्या कंजूष माणसाने पिल्लाला ‘अर्धी शिकलेली’ म्हणून विकता यावं म्हणून तिच्या आईमागून स्वतःच्याच ट्रफलच्या गुप्त जागी फिरवलं होतं, आणि पिल्लू काय, विसरेल, असं त्याला वाटलं होतं. परत येताना मी तिला आमच्या झाडाकडे नेलं. तिथे ती पुन्हा झोपली. उन्हाळा कोरडा गेला, या वर्षी आमच्या झाडाखाली काहीच नाही. ती पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, आणि मी तिला कोर्टात खोटी ठरवायला निघाले होते. मी तिची माफी मागितली आणि तिला दोन अंडी खायला घातली.

ता. क. २ — हे लिहितेय तोवर फियोरेन्झो येऊन गेला. त्याने खड्डे पाहिले असणार. हातात चीजचा अख्खा गोळा, टोपी काढलेली, आवाज मधाळ. म्हणाला, "देल्फिनाताई, मी पापी आहे. कुत्री खोटी, जात खोटी, नाक खोटं, मी तुम्हाला फसवलं. सगळं लिहून आणलंय. पैसे घ्या आणि कुत्री द्या." मी म्हटलं, नाक उत्तम आहे, माझ्या कुत्रीला नावं ठेवायची नाहीत. तो म्हणाला, फसवलं. मी म्हटलं, नाही फसवलं. शेजारीण खिडकीत उभी राहून ऐकत होती, तिचा आ वासला. जाताना सांगून गेला की त्याने वकीलही लावलाय, व्यवहार रद्द करायची बाईंची मागणी मला मान्य आहे म्हणून. तेव्हा दादा, ज्यासाठी हे पत्र खरं लिहितेय ते हे. गुन्हा कबूल करणाऱ्या माणसाला कायद्याने कसं अडवायचं ते ताबडतोब कळव. आणि तो तिसरा मार्ग मी तेव्हा नीट वाचला नव्हता. दोष ठेवून किंमत कमी करून घ्यायचा. फार सुंदर मार्ग आहे. दोष म्हणून आपण कान दाखवू. कान कोर्टात दाखवता येतो, त्यासाठी कुणाला रानात यावं लागत नाही.

ता. क. ३ — सोबत बरणी आहे, तांदळात पुरलेलं काय आहे ते वहिनींना स्वच्छ हाताने काढू दे आणि अंड्यावर किसू दे. मुरंब्यासारखं गप्प बसू नका, पोचल्याचं कळवा. कुठे मिळालं असं कुणी विचारलं, अगदी जज्जबाईंनी विचारलं तरी, सांग की आमच्याकडे अशा बाबतीत स्थानिक रिवाज पाहतात.