करीमभाईंनी बाजूला ठेवलेली पोटं

प्रिय अहो,

आज दुपारी तुमचा फोन वाजला. तुमचाच, निळ्या कव्हरचा. तुम्ही गेल्यापासून मी तो रोज चार्जिंगला लावते. का लावते ते विचारू नका. हल्ली त्यावर जाहिरातींशिवाय काही येत नाही, म्हणून उचलणारच नव्हते. पण नाव आलं 'करीमभाई मटण'. पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

आठवतं, हे सगळं सुरू कसं झालं? कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझे मातीतले कृमी काचेच्या बश्यांमध्ये सुखाने नांदत होते. त्यांचं एक जनुक गप्प केलं की त्यांचा घसा हलायचा थांबे. खाणं समोर, पण गिळता येईना! तेच जनुक बकरीच्या पोटात रक्त पिणाऱ्या जंतातही आहे. तिथेही ते हेच काम करत असलं तर? जुन्या औषधांना हे जंत दाद देईनासे झालेत. नव्या औषधाची वाट कदाचित तिथून निघेल. पण मातीतला कृमी बशीत पिढ्यानपिढ्या जगतो, आणि बकरीचा जंत पोटाबाहेर एक-दोन दिवसही धड काढत नाही. ताजे जंत हवेत, दर आठवड्याला, बकऱ्या कापतात तिथूनच. मी हे जेवताना बोलले. तुम्ही भात कालवता कालवता म्हणालात, "ऑफिससाठी घाटंजीला रोज जातोच ना मी. बाजाराच्या दिवशी आणतो."

ज्या घरात कधी अंडंही आलं नाही, त्या घरातला माणूस मटणाच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभा! साहेबांनी मटण खाणं चालू केलं, असा तुमच्या ऑफिसात बोभाटा झाला. आईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी तुमचं ताट वेगळं मांडलं. तरी तुम्ही खुलासा केला नाहीत. मी चिडले तर म्हणालात, "बायकोसाठी जंत नेतो म्हणून सांगू? त्यापेक्षा मटण बरं." किती हसलो होतो आपण!

आणि तो थर्मास! कोमट सलाईनमध्ये वळवळणारे जंत मांडीवर घेऊन तुम्ही एसटीने यवतमाळला यायचात. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी एकदा घोटभर चहा मागितला होता. तुम्ही त्यांना काय उत्तर दिलंत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दर वेळी काहीतरी नवीनच सांगायचात.

"वासाचं काही वाटत नाही का हो?" मी विचारायचे. "कसला वास? सवय झाली," म्हणायचात.

तुम्ही सकाळी बूट घालता घालता गेलात, आणि माझं अर्धं काम तिथेच थांबलं. मातीतल्या कृमींना मी अजून सांभाळते. त्यांना नव्या बश्या द्यायला रविवारीही जाते. घरी थांबून करू काय? जनुकाचं काम ओळखायचं तर ते बंद करून काय काय थांबतं ते बघायचं, असं मी वर्गात शिकवते. इथे घरातही तेच चाललंय. कुलरची टाकी कोण भरत होतं, माझ्या गाडीत हवा कोण भरून आणत होतं, मी गप्प बसले की "काय झालं?" कोण विचारत होतं, ते सगळं आता कळतंय. अहो, हे शिकायला मला प्रयोगशाळा पुरेशी होती ना!

तर, करीमभाई.

"हॅलो, साहेब! काहून येऊन नाही राह्यले? तुमच्यासाठी दर बाजाराले पोटं बाजूले काढून ठेवतो, अन्‌ मंग कुत्र्यायले टाका लागते."

मी म्हटलं, "मी त्यांची मिसेस बोलतेय."

"भाभी, नमस्ते! साहेबाची तब्येत बरी हाये ना? त्यायले आमच्या इथला वास सोसत नव्हता. पहिल्या दिवशी तर दुकानामागं जाऊन उलटी केली. मंग मी लिंबू कापून ठेवत जाओ. लिंबू नाकाले लावून उभे राहत, पण बाजार कधी चुकवला नाही."

लिंबू! इतकी वर्षं! मला एका शब्दाने सांगू नये? मी दुसरी काही सोय केली असती. निदान दर बाजाराच्या दिवशी तुम्हाला दारात लगेच थर्मास उघडून दाखवायला तरी लावलं नसतं. रागवायला हवं होतं मला तुमच्यावर, आणि रागवायला तुम्हीच नाही.

तिकडून करीमभाईंनीच विचारलं, "बदली झाली का साहेबाची?"

आणि मी म्हटलं, "हो."

"अरे! कुठं?"

"लांब."

खोटं बोलले. आणि क्षणभर फार बरं वाटलं, अहो. उमरखेडला बदली होती तेव्हा तुम्ही दर शनिवारी यायचात. बदली झालेला माणूस शनिवारी घरी येतो ना! बोलणं संपल्यावर तुमचा फोन मी पुन्हा चार्जिंगला लावला.

मग एक लक्षात आलं. तुम्ही गेल्याचं आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही. सगळे फोन भावोजींनी केले, ऑफिसात माझा भाऊ जाऊन आला, शेजाऱ्यांना आपसूक कळलं. मला सांगायची वेळ पहिल्यांदा आज आली, आणि मी बदली म्हणाले.

आता वचन देते. येत्या बाजाराला थर्मास घेऊन मी स्वतः घाटंजीला जाईन. करीमभाईंसमोर उभी राहून म्हणेन, "साहेब वारले." एवढे दोनच शब्द, पण ते माझ्या तोंडून निघतील. आणि मग त्यांच्याकडून जंत मागून घेईन.

तुमची,
वैशाली