वाट पाहणारा हात

शनिवार, ६ सप्टेंबर

पुन्हा 'बिनचूक'.

मास्तरांनी आजही माझ्या वादनाखाली तेवढा एकच शब्द लिहिला. डॉक्टरांच्या वादनाखाली मात्र भला मोठा परिच्छेद! "उजवा हात वरच्या पट्टीकडे जाण्याआधी स्वराची वाट पाहतो. याला ठहराव म्हणतात. सर्वांनी ऐका." ऐकले. नाकाला मिरच्या झोंबल्या.

आमच्या ऑनलाइन गटाचा नियम माझ्याच सूचनेवरून झाला, हे आता कुणाला आठवत नाही : कॅमेरा व्हायब्रफोनच्या बरोबर वर टांगायचा, वाद्याच्या धातूच्या पट्ट्या, त्या वाजवायच्या गोंडेदार काठ्या म्हणजे मॅलेट्स आणि मनगटे दिसावीत, चेहरा नको. दर शनिवारी प्रत्येकाने जॅझचा एक तुकडा वाजवून पाठवायचा, मास्तरांनी शेरा द्यायचा. गट सुरू झाल्यापासून मी एकही शनिवार चुकवलेला नाही. डॉक्टर आले गेल्या वर्षी. आणि वार्षिक संमेलनात मास्तरांबरोबर वाजवण्याचा मान त्यांना मिळाला तोही गेल्याच वर्षी!

यंदा तो मला हवा आहे. इतके स्पष्ट मी फक्त इथेच लिहू शकतो.

सोमवार, ८ सप्टेंबर

डॉक्टर म्हणजे दातांचे. दवाखाना बंद करून दिवसभर घरी वाजवत बसतात, असे गटातच कुणीतरी लिहिले होते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. या गृहस्थांचे पन्नाशीतच भरलेले दिसते. मी इकडे शीतगृहाच्या कंपनीत लेखापरीक्षण करून घरी येणार, आणि खालच्या मजल्यावरच्यांना त्रास नको म्हणून पट्ट्यांवर टॉवेल पसरून वाजवणार. आवाज असा येतो, जणू कुणी उशीत तोंड खुपसून गाते आहे.

हिच्याजवळ बोललो. ही म्हणाली, "अहो, त्यांनी दात काढायचं सोडलं, म्हणून तुम्ही कशाला दातओठ खाताय?"

मी टॉवेल पसरून वाजवायला बसलो.

शनिवार, २० सप्टेंबर

माझ्या वादनाखाली डॉक्टरांनी लिहिले : "ऑडिटरसाहेब, तुमच्या उजव्या हाताचा हेवा वाटतो."

टोमणाच! ज्याला मास्तर डोक्यावर घेऊन नाचतात, त्याने माझा हेवा करायचा? उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले. सभ्यता सुटता कामा नये.

रविवार, २१ सप्टेंबर

डॉक्टरांचे वादन निम्म्या वेगाने लावून पाहिले. हे आधीच करायला हवे होते.

थबकणे फक्त उजव्या हाताचे. तेही हात लांब जायचा असेल तेव्हाच. डावा बिनदिक्कत वेळेवर. म्हणजे डावा बोलतो आणि उजवा विचार करतो! शिवाय दोन्ही हातांत मिळून चार मॅलेट्स धरण्याची आम्हा सर्वांची धडपड चाललेली असताना हे उजव्यात एकच धरतात. केवढा संयम. मी मात्र दोन्ही हातांना आजवर सारखी वागणूक देत आलो. चूक तिथेच आहे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

ठरले. तो ठहराव मी शिकणार.

उजव्या हातातले एक मॅलेट काढून ठेवले. मेट्रोनोम लावला. डाव्याने ठोका पकडायचा. उजवा पट्टीवर नेऊन अधांतरी धरायचा, ठोका निसटू द्यायचा, मगच वाजवायचे. ठोका निसटू देणे — माझ्यासारख्याला! उलटे जोडे घालून जिना उतरावा तसे वाटले.

याला नक्कल म्हणता येईल. मी अभ्यास म्हणतो.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

नाही. माझा हात थबकल्यासारखा वाटत नाही, चुकल्यासारखा वाटतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर

जमले!

खालचे कुटुंब बाहेरगावी गेले आहे, म्हणून टॉवेल काढला होता. संथ ब्लूज. पेडल दाबलेले, खालचा स्वर पट्ट्यांखालच्या नळ्यांतून घुमतो आहे, उजवा हात वर अधांतरी — आणि त्या रिकाम्या जागेत तो घुमणारा स्वर मला प्रथमच पूर्ण ऐकू आला. आजवर मी त्याच्या डोक्यावर पुढचा स्वर आपटत होतो. क्षणभर डॉक्टरांचाही विसर पडला. क्षणभरच. तसेच वाजवून पाठवून दिले.

मास्तरांचा शेरा : "ऑडिटर, हे कुठून आणलंत?"

'बिनचूक' नाही! मी तो शब्द पुन्हा पुन्हा शोधला, खरोखरच नाही.

डॉक्टरांकडून मात्र एक अक्षर नाही. एरवी सर्वांत आधी लिहितात. जळले असणार. लिहिताना संकोच वाटतो, पण फार बरे वाटले.

शनिवार, १ नोव्हेंबर

गटात एकाने मला डॉक्टरांची सावली म्हटले. त्यावर दुसऱ्याने लिहिले, "दिवस कलला की सावलीच लांब होते."

डॉक्टर अजून गप्प. त्यांनी स्वतःचे वादनही पाठवलेले नाही. मैदान सोडले की काय?

बुधवार, ५ नोव्हेंबर

जेवताना ही एकटक पाहत होती. घास तोंडाशी नेऊन मी हल्ली थांबतो म्हणे. पाण्याचा पेला घेतानाही. सराव अंगात मुरू लागल्याची ती खूण आहे, असे मी काहीशा अभिमानाने सांगितले.

"अंगात मुरू दे," ही म्हणाली, "अंगावर येऊ नये म्हणजे झालं."

शनिवार, १५ नोव्हेंबर

निवड झाली. माझी!

मास्तरांनी लिहिले : "यंदा माझ्याबरोबर ऑडिटर." पुढच्या रविवारी ऑनलाइन संमेलन. आपला भाग ते आधीच ध्वनिमुद्रित करून पाठवणार, त्याच्यावर मी सर्वांसमोर थेट वाजवायचे. हिला आवाज देऊन बोलावले आणि तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. असे मी कधी करत नाही.

थोड्या वेळाने डॉक्टरांचा निरोप : "उद्या सकाळी फोन करू का? चेहऱ्यासकट."

खुशाल करा म्हटले. हरलेल्या माणसाचा चेहरा पाहायची माझी तयारी आहे.

रविवार, १६ नोव्हेंबर

डॉक्टर माझ्या कल्पनेपेक्षा बारीक निघाले. मागे त्यांची ती दवाखान्यातली खुर्ची, तिच्यावर वाळत घातलेले शर्ट. त्यांनी अभिनंदन केले. मनापासून केले. मग विचारले, "कधीपासून?"

मला वाटले, सरावाबद्दल विचारतात. म्हणालो, "हल्लीच. ऑक्टोबरपासून."

"माझंही असंच सुरू झालं. हात लांब न्यायचा म्हटलं की अडतो, मग सुटतो. दोन मॅलेट्स धरवत नाहीत. आधी बायकोच्या लक्षात आलं, जेवताना. मग दवाखाना बंद केला. दुसऱ्याच्या तोंडात सुई धरून थबकून कसं चालेल?"

ते बोलत राहिले. मास्तर त्याला ठहराव म्हणाले तेव्हा त्यांनी खुलासा केला नाही. आजार म्हणवून घेण्यापेक्षा ते नाव बरे वाटले. माझा उजवा हात पाहून ते दर शनिवारी जळत असत. तो टोमणा नव्हता. आणि मग तोच हात अडताना दिसला, तेव्हा काय लिहावे ते त्यांना सुचेना.

मी तुमची नक्कल केली — एवढेच म्हणायचे होते. जिभेवर आले आणि तिथेच थबकले.

त्यांनी त्यांच्या मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. अंगावर काढू नका म्हणाले. फोन ठेवण्यापूर्वी हसले. "रविवारी वाजवाल तेव्हा लपवू नका, बरं का. इतके दिवस मी एकटा होतो. आता आपण दोघं आहोत."

सोमवार, १७ नोव्हेंबर

मास्तरांचा भाग आला. सुंदर आहे. जागोजागी माझ्यासाठी मोकळी जागा सोडली आहे.

ठहराव ठेवून वाजवले, तर डॉक्टरांशी सर्वांसमक्ष खोटे बोलल्यासारखे. काढून वाजवले, तर ते पुन्हा एकटे.

हिला काहीच सांगितलेले नाही. जेवताना पेला डाव्या हाताने घेतला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

निर्णय घेतला. डॉक्टरांना फोन करून खरे काय ते सांगायचे आणि रविवारी पूर्वीसारखे, बिनचूक वाजवायचे. फोनआधी एकदा वाजवून पाहावे म्हणून मेट्रोनोम लावला.

डावा वेळेवर. उजवा वरच्या पट्टीकडे नेला. थबकला.

पुन्हा नेला. पुन्हा थबकला.

मी थांबवला नव्हता.