विहिरींना दिलेली सासरची नावं

४ फेब्रुवारी
धम्मदिना मॅडमनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, आपल्या कॉलेजचा विहिरींच्या पाण्याचा डेटा आता कॉलेजांच्या सामायिक नेटवर्कवर जाणार. एक प्रत इथे, एक पुण्यात, एक नागपुरात. एक गेली तर दुसरी राहील. म्हणजे चोरांना तीन दरवाजे. उन्हातान्हात बाटल्या भरल्या मी, आणि पेपर छापणार पुण्याचे लोक. डोकं फिरलं. देणार नाही.

९ फेब्रुवारी
प्रिन्सिपॉलही त्यांच्याच बाजूचे. ठीक. देतो, पण माझ्या पद्धतीने. प्रत्येक विहिरीचं गाव काढून सासरच्या माणसाचं नाव घातलं. जुने कागद फाडले. कुठली विहीर कोण, ते फक्त माझ्या डोक्यात. तिथे कोण हॅक करतो बघू.

२० फेब्रुवारी
मॅडमचा मेल. ‘मोठी मेहुणी’ नकाशावर कुठे दाखवू? ठिकाणाशिवाय आकडे कुणाच्याच उपयोगाचे नाहीत म्हणे. कळवलं, गोपनीय. जळतात सगळे.

६ नोव्हेंबर
शेलार गावापलीकडच्या पाड्यावरची धाकली नावाची बाई आली. कापड रंगवायच्या कारखान्याने, त्या डाइंगवाल्याने, विहीर नासवली, पोरांच्या अंगावर फोड. डाइंगवाला म्हणतो, पाणी आधीपासूनच खराब. सोमवारी प्रदूषण मंडळापुढे सुनावणी. कारखान्याआधीचे आकडे फक्त माझ्याकडे. शेवटी आलेच माझ्या दारात. तिने प्रिंट बघून विचारलं, “सर, आमची हीर यात कंची हाय?” म्हटलं, निश्चिंत जा.

७ नोव्हेंबर
मोठी मेहुणी की मामेसासरे? बायकोला विचारलं, तिने जेवण वाढायचं बंद केलं. मॅडमचाच राग येतो. तेव्हाच खडसावून विचारायला नको होतं का?

८ नोव्हेंबर, सकाळ
मामेसासरे. शंभर टक्के. मॅडम म्हणाल्या, खात्री नसेल तर तसं सांगा. माझ्या विहिरी मला शिकवतात.

१० नोव्हेंबर
छातीठोकपणे सांगितलं. अधिकाऱ्यांनी मामेसासऱ्यांचे आकडे मोठ्याने वाचले. पाणी कारखान्याआधीपासूनच पिण्यालायक नव्हतं. मोठ्या मेहुणीचं स्वच्छ होतं. म्हटलं, थांबा, ती मेहुणी असेल. कुणी थांबलं नाही. डाइंगवाल्याच्या वकिलाने माझ्या डेटाची प्रत मागितली, आभारही मानले. इतक्या आदराने आजवर कुणी मागितली नव्हती.

तक्रार निकालात निघाली. बाहेर धाकली चिडली नाही, तेच सहन होईना. तिला वाटतंय, पाणी खरंच पहिल्यापासून तसंच होतं आणि चूक तिची, तेच पोरांना पाजलं. मी तिला खरं सांगितलं नाही. रिक्षा करून दिली.